बॅरलमधला केवडा

"या ग्लासात," तन्मय राजाध्यक्ष म्हणाला, "एक संवाद चालू आहे."

ग्लासात एल होती, बिअरचाच एक प्रकार. बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या बॅरलमध्ये वर्षभर मुरवलेली, काळपट तांबडी, कायद्याने बिअर जेवढी कडक असू शकते त्या काठावर नेऊन ठेवलेली. ती मी केली होती आणि ती कुणाशीही संवाद करत नव्हती. पण तन्मय खास मुंबईहून आला होता. इंटरनेटवर त्याने कुठल्या बिअरला किती तारे दिले हे बघून लोक काय प्यायचं ते ठरवायचे. अशा माणसाला ग्लासातलं बोलणं ऐकू यायलाच हवं, नाहीतर त्याला बोलावणार कोण?

"काय म्हणतेय?" काकडेसाहेबांनी पुढे वाकून विचारलं.

"अजून थंड आहे. जरा उघडू दे."

विश्वजित काकडे आमचे मालक. भूगावच्या पुढे त्यांनी आधी बंगल्यांची स्कीम काढली होती. ती अडकली, मग त्याच जागेवर हॉटेल आणि हॉटेलला जोडून मायक्रोब्रुअरी उभी राहिली. बिअर आम्हीच बनवायची, आम्हीच विकायची. बिअरमधलं साहेबांना एवढंच कळायचं की फेस जास्त आला तर गिऱ्हाईक ओरडतं. त्यात वाईट काही नव्हतं, मालकाला तेवढं कळलं तरी पुरतं. पण तन्मय आल्यापासून तेही ग्लास देठाला धरून गोलगोल फिरवायला लागले होते, आणि पहिल्याच फेऱ्यात त्यांनी एल शर्टावर सांडून घेतली होती.

टेबलाशी चौथे होते हेरेकर सर. दिगंबर हेरेकर, आमचे मुख्य ब्रुअर, साठी ओलांडलेले, मूळचे चंदगडकडचे. उभी हयात मोठमोठ्या कारखान्यांतल्या टाक्यांपाशी गेलेली. त्यांच्याबद्दल लोक असं सांगायचे की हेरेकर दारातून आत आले की कुठल्या टाकीचं बिनसलंय ते वासावरून सांगतात. मी त्यांच्या हाताखाली शिकले. आणि त्या सोमवारी सकाळी, हॉटेल उघडायच्या आधी, मी त्यांचं नाक कापायच्या तयारीने तिथे बसले होते.

कारण सांगते. आमच्याकडे मागच्या बाजूला बॅरलची एक खोली होती, गार आणि अंधारी. अमेरिकेत बर्बनसाठी लाकडी बॅरल एकदाच वापरतात आणि मग जगाला विकून टाकतात. हट्ट करून मी तशी सहा बॅरल मागवली होती. साहेबांच्या मते ती तिकडची उतरलेली भांडी होती, आणि त्यांच्यापायी एक चांगली खोली अडकून पडली होती. त्यांना तिथे मोठ्या लोकांसाठी वेगळं जेवणघर करायचं होतं. शेवटी त्यांनी एक निकाल ठरवला.

"हेरेकरांनी पन्नासपैकी चाळीसच्या वर आकडा दिला, तर खोली तुझी. नाय दिला, तर एल गटारात आन् बॅरल लॉनवर. अर्धी कापून शेवंती लावू. काय झक्कास दिसंल!"

माझ्या वर्षभराच्या कामात शेवंती लावायची होती त्यांना. तन्मयच्या आकड्याने जाहिरात होणार होती, निकाल मात्र हेरेकरांच्या आकड्यावर होता. साहेब स्वतःच्या बायकोचं ऐकत नसत, पण हेरेकरांचं ऐकत.

आणि हेरेकर सर गेलं वर्षभर प्रत्येक बिअरला पस्तीस देत होते. गव्हाची बिअर, पस्तीस. आंब्याची, जी खोकल्याच्या औषधासारखी लागायची, तिलाही पस्तीस. पस्तीस म्हणजे लग्नाच्या पंगतीतून उठताना 'छान झालं जेवण' म्हणण्यातला प्रकार. कुणी वाद घालत नाही आणि कुणाला काही कळतही नाही.

मला ते कळलं एका घुशीमुळे. माल्टच्या, म्हणजे बिअरसाठीच्या सातूच्या, पोत्यांमागे घूस मरून पडली होती. अख्खा स्टाफ नाकाला रुमाल लावून शोधाशोध करत होता आणि हेरेकर सर त्याच पोत्यांना टेकून निवांत डबा खात होते. मेथीची भाजी आणि भाकरी. मला म्हणाले, "घे की गं एक घास." तेव्हा माझ्या लक्षात आलं. आदल्या वर्षी त्या साथीत ते आजारी पडून उठले होते. त्या तापाने पुष्कळांचा वास गेला आणि पुष्कळांचा परत आला. यांचा आला नव्हता, आणि हा माणूस कुणाला न सांगता आमच्या बिअरला मार्क वाटत बसला होता.

मग मला त्यांची नवी पद्धतही कळली. पूर्वी आम्ही गप्पगुमान चाखायचो आणि आपापला आकडा कागदावर लिहून पालथा ठेवायचो. आजारातून परतल्यावर सरांनी ते बंद केलं. म्हणाले, "लिहिलं की माणूस लिहिल्याला चिकटतो. बोलू या आपण. आणि धाकट्यापासून सुरुवात. थोरला आधी बोलला की धाकट्यांच्या जिभा बांधल्या जातात." सगळ्यांना केवढं कौतुक! साहेबांनी हे तत्त्व त्यांच्या रोटरी क्लबातसुद्धा सांगितलं. मलाही फार थोर वाटलं होतं, घूस मरेपर्यंत.

थोरपणा कसला? आधी आम्ही बाकीच्यांनी बोलायचं, त्यातले चार शब्द यांनी उचलायचे, आपल्या भारदस्त आवाजात परत ऐकवायचे आणि पस्तीस म्हणायचं. या पस्तीसपायी माझी एल गटारात जाणार होती. कमी गुण मिळाले म्हणून गेली असती तर मी दोन दिवस जेवले नसते आणि गप्प बसले असते. पण ज्याला मेलेली घूस कळत नाही त्याच्या हातून? ते मला सहन होणार नव्हतं.

म्हणून मी सापळा लावला. सर्वांत धाकटी मी, म्हणजे पहिलं बोलणं माझं. एलमध्ये नसलेला एक वास मी सांगणार. तन्मय आणि साहेब गोंधळात पडणार. शेवटी सर माझा शब्द उचलणार, आणि त्यांनी तो उचलला की मी म्हणणार, "सर, तो वास यात नाहीच. तुम्हाला वास येतच नाही." मग त्यांचा आकडा बाद. राहिला तन्मय, आणि तन्मयकडून चाळीस काढायला एक चांगली गोष्ट पुरे होती. वास मी केवड्याचा निवडला. बर्बनच्या बॅरलमधून व्हॅनिला येतो, खोबरं येतं, जळकी साखर येते. केवडा येत नाही. केवडा गौरीच्या वेणीत येतो, फार तर बिर्याणीत.

"चला, करा सुरू," साहेब म्हणाले. "धाकट्यापासून."

मी ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले आणि तन्मयसारखा चेहरा केला.

"पहिल्यांदा लाकूड येतं," मी म्हणाले. "मग गोडवा. पण त्याच्यामागून, अगदी मागून, काहीतरी उमलत येतं. पिवळं, टोकदार, थोडं हिरवट. लहानपणी देवघरात शिरताना यायचं तसं. केवडा. हो, केवडाच आहे हा. आणि गिळल्यावरसुद्धा तो टाळूवर रेंगाळत राहतो."

बोलताना माझं मलाच हसू येत होतं. मी ग्लास खाली ठेवला आणि तन्मयकडे बघितलं. आता हा भुवया वर करणार, अशी माझी खात्री होती.

तन्मयने एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग त्याने टेबलावर हात आपटला.

"थँक यू! मगापासून मला काहीतरी फुलासारखं जाणवत होतं आणि शब्द सापडत नव्हता. केवडा. आणि नुसता केवडा नाही हं, समुद्राकाठचा केवडा. त्यात एक खारेपणा आहे."

खारेपणा! माझ्या खोट्यात या माणसाने स्वतःचं मीठ घातलं होतं.

"त्रेचाळीस," तो म्हणाला आणि फोन काढून लिहायला लागला.

साहेबांची पाळी आली. त्यांनी ग्लासात जवळजवळ नाक बुडवलं. बराच वेळ ते बाहेरच काढेनात. काढलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"आमची आई ट्रंकेत साड्यांच्या घडीत केवड्याचं पान ठेवायची," ते म्हणाले. "दिवाळीला ट्रंक उघडली की आख्ख्या घरात वास. आईशप्पथ सांगतो, तोच वास हाय हा. तोच."

त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जे फूल तिथे नव्हतंच, त्याच्या वासाने एका पन्नाशीच्या बिल्डरला रडू येताना मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हापासून कुणी मला आपल्या तरल जाणिवांबद्दल सांगायला लागलं की मी दुसरीकडे बघते.

"पंचेचाळीस," साहेब डोळे पुसत म्हणाले. "बोला हेरेकर."

आता माझी पंचाईत झाली. सापळ्यात भलतेच दोघे जाऊन बसले होते. आता केवडा नाही म्हणायचं तर मालकाला म्हणायचं की साहेब, तुमच्या आईची ट्रंक यात नाही. त्यांनी तिथल्या तिथे करवत मागवली असती. आणि गप्प बसायचं तर सर पस्तीस म्हणणार, की संपलंच सगळं.

सरांनी ग्लास उचलला. नेहमीसारखा उजेडाकडे धरला, नाकाशी नेला. केवढा लांब श्वास घेतला! सोंग करावं तर या माणसाने, असं माझ्या मनात आलं. मग त्यांनी घोट घेऊन तो तोंडात खेळवला आणि गिळला. आणि ग्लासावरून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बाजारात एखादं भांडं घ्यावं की नको म्हणून बघतात तसं.

"केवडा आहे," ते म्हणाले.

मी मनात म्हटलं, सापडलास. आणि लगेच लक्षात आलं की सापडून उपयोग काहीच नाही.

"पन्नास," सर म्हणाले.

तन्मयचं फोनवरचं बोट थांबलं. साहेबांनी दोनदा विचारलं, "किती?" सरांनी आयुष्यात कशालाही पन्नास दिलेले नव्हते. स्वतःच्या बिअरलासुद्धा त्यांनी कधी बेचाळीसच्या वर चढू दिलं नव्हतं. साहेब उठले आणि त्यांनी सरांना मिठी मारली, मग तन्मयला मारली, माझ्यापाशी येऊन मात्र नुसता हात हलवला.

"खोली राह्यली, मॅडम! आन् लेबलवर केवडा टाकायचा. मोठ्या अक्षरात. काय हेरेकर?"

"वैजयंतीला विचारा," सर शांतपणे म्हणाले. "तिलाच आधी आला."

तिघे माझ्याकडे बघत होते. साहेब हसून, तन्मय फोन रोखून, आणि सर मगाच्याच नजरेने.

"टाका," मी म्हणाले.

तो केवडा आजही लेबलवर आहे. मी आता त्या ब्रुअरीची मुख्य आहे आणि दर वर्षी लोक येतात, डोळे मिटतात आणि त्यांना केवडा येतो. मागच्या खेपेला एकाने तक्रार केली की यंदा केवडा कमी झालाय, पूर्वीसारखी मजा राहिली नाही. साहेबांनी ती इतकी मनावर घेतली की केवड्याच्या अर्काची बाटली आणून माझ्या टेबलावर ठेवली. मी ती बेसिनमध्ये ओतली आणि घातला म्हणून सांगितलं. आठवड्याने त्याच गिऱ्हाइकाने येऊन सांगितलं की आता कसं जमलं बघा.

असो. त्या सोमवारी साहेब तन्मयला घेऊन लॉनवर फोटो काढायला गेले आणि मी सरांच्या मागोमाग बॅरलच्या खोलीत शिरले. दार लावून घेतलं. मी आनंदात असायला हवं होतं. मी संतापले होते.

"सर, त्यात केवडा नव्हता."

"माहीत आहे की."

मी काहीतरी भयंकर बोलायची तयारी करून आले होते. त्यातलं एवढंच बाहेर आलं.

"तुम्हाला वास येत नाही," मी म्हणाले.

"नाही येत. त्या तापात गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणतात येईल. अजून म्हणतातच आहेत."

"मग केवडा नाही हे कशावरून कळलं?"

"तू लांबलचक बोललीस त्यावरून." ते बॅरलच्या उतरंडीला टेकून उभे राहिले. "एरवी तू चाखलंस की तोंड वाकडं करतेस, दोन शब्द टाकतेस आणि ग्लास आपटतेस. वर्षभर मी तुझ्या त्या दोन शब्दांवर नोकरी केली. बाकीचे बोलतात ते स्वतःला ऐकायला बरं वाटतं म्हणून. आज तू कीर्तन केलंस. तेव्हाच कळलं, हे माझ्यासाठी आहे."

"आणि तरी हो म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर मालकाची अब्रू गेली असती. त्याला आई आठवली होती गं. अब्रू गेलेला मालक मग कुणाचं ऐकतो होय?"

"पण पन्नास कशावरून? माझी एल भिकार असती तर?"

"भिकार असती तर तू स्वतः ओतून दिली असतीस. मला विचारायलासुद्धा थांबली नसतीस." सर हसले. "माझी नाचक्की करायची म्हणून तू केवडा शोधून आणलास. एवढी उठाठेव कुणी वाईट मालासाठी करतं होय? मी तुझ्यावरून मार्क दिले. बिअरवरून द्यायची सोय आता राहिली नाही."

"आणि बाकीच्यांना पस्तीस?"

"जे आपल्याला कळलंच नाही त्याला जास्त कसे द्यायचे? आणि कमी तरी कसे द्यायचे?" त्यांनी बॅरलवरून हात फिरवला. "सांगायला हवं होतं मी. पण एकदा सांगितलं की मग हेरेकर कोण? म्हातारा एक. डबा घेऊन यायचं आणि डबा घेऊन जायचं."

मला लाज वाटायला हवी होती असं तुम्हाला वाटेल. नाही वाटली. आजही वाटत नाही. वर्षभर त्यांनी आम्हाला फसवलं होतं आणि त्यांना पकडायचा मला पूर्ण अधिकार होता. पण मला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखीच राग आला. ज्या माणसाने मला वास घ्यायला शिकवलं, जो मोहरी आणि तंबाखू आणि ओली माती हातावर ठेवून माझे डोळे बांधायचा, त्याला आता स्वतःच्या भाकरीचाही वास येत नव्हता. आणि हे कळल्यावरही मी फक्त त्यांचे पस्तीस मोजले होते.

सरांनी माझ्या डोळ्यांकडे बघितल्याचं दाखवलं नाही. खिशातून पकड काढली, बॅरलच्या तोंडाच्या फळीला ठोकलेला खिळा ओढला आणि बारीक धार ग्लासात धरली. अशीच आम्ही मुरणारी एल चाखत असू. खिळा परत ठोकून त्यांनी ग्लास तोंडाला लावला.

"गोड," ते म्हणाले. "मागून कडू. आणि घशात जाळ. जिभेला कळतं तेवढंच येतं मला. यात आणखी काय आहे ते कुणी सांगितलंच नाही. तो वेडा संवाद म्हणाला, मालक ट्रंक म्हणाला आणि तू केवडा म्हणालीस." त्यांनी ग्लास माझ्यापुढे धरला. "आता खरं सांग."

मी ग्लास घेतला. नाकाशी नेला. तोंड वाकडं झालं असावं, कारण सरांच्या चेहऱ्यावर एकदम उत्सुकता आली.

"काकवी," मी म्हणाले. "जळकं लाकूड." आणि सवयीने ग्लास खाली ठेवायला गेले.

"थांब गं," सर म्हणाले. त्यांनी माझ्या मनगटाला धरून ग्लास वरच ठेवला. "काकवी कसली? तापलेल्या कढईतली की गार झालेली?"

मी इस्लामपूरची. गुऱ्हाळ आमच्या घरामागे होतं. मी परत वास घेतला, आणि या वेळी खरोखरच सावकाश घेतला.

"गार झालेली," मी म्हणाले. "कढईच्या काठाला चिकटून राहिलेली. बोटाने खरवडून खातो ती."

"हं," म्हणत त्यांनी डोळे मिटले. "पुढचं सांग. घाई करू नको."